मध्ययुगीन इंग्लंडच्या राजाचा हुकूम कुठपर्यंत चालायचा?

प्रश्न असा आहे: ‘मध्ययुगात इंग्लंडचा राजा मनाला येईल ते करू शकत होता का? सिनेमात तर राजाने बोट दाखवलं की माणूस फासावर जातो. मग मॅग्ना कार्टाने राजाचे हात बांधले असं पुस्तकात का लिहितात? आणि खरंच बांधले असतील, तर पुढचे राजे तरी मनमानी कशी करत राहिले?’

मध्ययुगीन युरोपचा इतिहास मी गेली सत्तावीस वर्षं पदवीच्या वर्गांना शिकवते आहे. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला त्याचं उत्तर मॅग्ना कार्टा या १२१५च्या सनदेपासून नाही, तर एका भांडणापासून सुरू करावंसं वाटतं. ‘राजा बोले, दळ हाले’ ही म्हण आपण सहज वापरतो. १२९७च्या फेब्रुवारीत सॉल्झबरीला राजा बोलला आणि दळ हाललं नाही.

राजा होता पहिला एडवर्ड. वेल्स जिंकलेला, स्कॉटलंडचा राजा नुकताच पदच्युत केलेला, उंचापुरा आणि कमालीचा संतापी. फ्रान्सशी युद्ध चालू होतं. आपण स्वतः फ्लँडर्सला जायचं आणि सरदारांना गॅस्कनीला पाठवायचं, असा त्याचा बेत होता. नॉर्फकचा अर्ल (म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार) रॉजर बिगॉड हा राज्याचा मार्शल, म्हणजे लष्करातला वंशपरंपरागत मानकरी. तो म्हणाला, मार्शल म्हणून राजासोबत, राजाच्या आघाडीला चालणं हे माझं काम. तुम्ही याल तिथे येईन, तुमच्याशिवाय जाणार नाही. एडवर्ड भडकला. त्या काळचा वृत्तांतकार वॉल्टर ऑफ गिझबरो यांचा संवाद देतो. राजा म्हणाला, ‘देवाशपथ, अर्ल, एक तर जाशील नाही तर फासावर चढशील!’ बिगॉड म्हणाला, ‘त्याच शपथेवर सांगतो महाराज, मी जाणारही नाही आणि फासावर चढणारही नाही.’ आणि परवानगी न घेता तो सभेतून निघून गेला.

शब्द जसेच्या तसे हेच असतील असं नाही, वृत्तांतकारांना संवाद रंगवायची हौस असायची. पण पुढे काय झालं ते कागदोपत्री स्पष्ट आहे. बिगॉड फासावर चढला नाही. तो नऊ वर्षांनी, १३०६मध्ये, आपल्या मरणाने मेला.

माझ्या मते प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. एडवर्डला रोखणारं न्यायालय नव्हतं. पण बिगॉडला पकडायचं तर पकडणार कोण? राजाकडे खडं सैन्य नव्हतं. जवळचे शिलेदार असत, पण मोठी फौज उभी करायची तर ती सरदारांच्या माणसांतूनच उभी राहायची. पगारी नोकरशाही होती ती वेस्टमिन्स्टरला: खजिन्याचे कारकून, शिक्कामोर्तब करणारी कचेरी, न्यायाधीश. तिच्याबाहेर, काउंटीत, राजाचा हुकूम बजावणारा शेरिफ बहुधा त्याच भागातला जमीनदार. कर बसवायचा तर गावोगाव चार माणसं नेमून शेजाऱ्यांची गुरं, धान्य, भांडी यांची किंमत ठरवायची, आणि ती चार माणसंही गावचीच. म्हणजे राजा ज्यांच्यावर राज्य करायचा, त्यांच्याच हातांनी राज्य करायचा. ते हात आखडले की हुकूम चर्मपत्रावरच राहायचा.

आता सिनेमातल्या राजाकडे वळू, कारण तोही खोटा नाही. एडवर्डचा आजा जॉन राजा (११९९ ते १२१६) जवळपास तसाच होता. त्याची मनमानी मात्र तलवारीपेक्षा हिशेबाच्या गुंडाळ्यांत जास्त दिसते. सरदार वारला की मुलाने वारसा घेण्यासाठी राजाला एक रक्कम द्यायची अशी रीत होती. आपल्याकडे वतन वारसाच्या नावावर चढवताना सरकारात नजर भरावी लागे, तसलाच प्रकार. रक्कम ‘वाजवी’ असावी एवढंच रीत सांगायची. शंभर पौंड वाजवी समजले जात. जॉनने १२०५मध्ये निकोलस द स्टटव्हिलवर दहा हजार मार्क लावले. एक मार्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश, तेव्हा हे झाले साडेसहा हजार पौंडांहून जास्त, वाजवी रकमेच्या साठ पटींहून अधिक. एवढे पैसे कुणीच फेडू शकत नव्हतं, आणि ते फेडले जावेत असा हेतूही नव्हता. कर्जाच्या ओझ्याखाली सरदार मुठीत राहायचा. राजाची मर्जी असेपर्यंत वसुली थंड, मर्जी फिरली की सगळी बाकी एकदम. याच नोंदींत १२०४च्या सुमाराची एक ओळ आहे: ह्यू द नेव्हिलची बायको नवऱ्याबरोबर एक रात्र घालवता यावी म्हणून राजाला दोनशे कोंबड्या देते. ही थट्टा होती की आणखी काही, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. मला त्या ओळीतली लिखापढी महत्त्वाची वाटते. राजाची लहरसुद्धा कारकून रकान्यात लिहून ठेवत होता.

विल्यम द ब्रिओझ हा जॉनचा एकेकाळचा लाडका. १२०८च्या सुमारास मर्जी फिरली. कर्जाची बाकी मागण्यात आली, मुलं ओलीस मागितली गेली, कुटुंब आयर्लंडला पळालं. विल्यम अखेर फ्रान्सला निसटला. त्याची बायको मटिल्डा आणि थोरला मुलगा जॉनच्या हाती लागले. १२१०मध्ये दोघांना कैदेत उपाशी ठेवून मारलं. कुणी रोखलं नाही, कुणी रोखू शकलं नाही.

तेव्हा राजा माणसं मारू शकत होता का? होय, मारू शकत होता. पण यानंतर जॉनने जे केलं ते मी वर्गात नेहमी थांबून सांगते. त्याने एक जाहीर पत्र काढलं. विल्यमकडे किती येणं होतं, त्याने कसे वायदे मोडले, आणि आपण जप्ती केली ती राज्याच्या रिवाजाप्रमाणे आणि खजिन्याच्या कायद्याप्रमाणेच कशी केली, हे त्यात मांडलं आणि खाली बड्या सरदारांची साक्ष घातली. ज्याला कुणीच जाब विचारू शकत नाही त्याने खुलासा का करावा? कारण राजाने रिवाजाने वागायचं असतं हे सगळ्यांना मान्य होतं, त्यालासुद्धा. राज्याभिषेकाच्या वेळी त्याने शपथ घेतलेली असे: चर्चला आणि प्रजेला शांतता देईन, लूटमार थांबवीन, न्याय दयेने करीन. ही शपथ नॉर्मन येण्याआधीपासूनची. १०१४मध्ये पळून गेलेल्या एथेलरेड राजाला परत बोलावताना इंग्रज सरदारांनी निरोप धाडला होता की, पूर्वीपेक्षा न्यायाने राज्य करणार असशील तर ये. मॅग्ना कार्टाच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

मॅग्ना कार्टावर मी थोडक्यातच लिहिते, कारण तिच्याबद्दल बाकी सगळीकडे भरपूर मिळतं. १२०४मध्ये जॉनने नॉर्मंडी गमावली. ती परत मिळवायला दहा वर्षं पैसा पिळून काढला आणि १२१४च्या जुलैत बूव्हीनला त्याच्या मित्रांचा पराभव होऊन तो सगळा पाण्यात गेला. पुढच्या उन्हाळ्यात, १५ जून १२१५ रोजी, थेम्सकाठी रनीमीडच्या कुरणावर सनदेवर शिक्का बसला. ३९वं कलम सगळ्यांना माहीत असतं: समकक्षांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कुठल्याही स्वतंत्र माणसाला पकडणार नाही. दुसऱ्या कलमाने वारशाची रक्कम शंभर पौंडांवर बांधली, १२व्याने राज्याच्या सल्ल्याशिवाय ठरावीक पट्ट्या बसवायच्या नाहीत असं ठरलं. विद्यार्थी ६१व्या कलमाकडे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या दृष्टीने खरा पेच तिथेच आहे. राजाने सनद मोडली तर काय? तर पंचवीस सरदारांनी त्याचे किल्ले आणि जमिनी जप्त करून दाद मिळवायची. म्हणजे अंमलबजावणीचा एकमेव मार्ग होता कायदेशीर बंड. असली सनद टिकणारच नव्हती. ऑगस्टमध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने ती रद्द ठरवली आणि यादवी सुरू झाली. चर्चने राजाला वेसण घातली असं आपण म्हणतो ते खरं आहे. कँटरबरीचा आर्चबिशप बेकेट याच्या खुनानंतर जॉनचा बाप दुसरा हेन्री ११७४ साली प्रायश्चित्त म्हणून अनवाणी कँटरबरीला गेला होता. पण तेच चर्च राजाला सोडवतही होतं. जॉनने १२१३मध्ये आपलं राज्य पोपच्या चरणी वाहून त्याचं मांडलिकत्व पत्करलं होतं, त्याचं हे फळ.

मग सनद जगली कशी? बंडखोरांमुळे नाही, तर राजाच्या बाजूच्या माणसांमुळे. ऑक्टोबर १२१६मध्ये जॉन वारला. मुलगा तिसरा हेन्री (पुढे एडवर्डचा बाप) नऊ वर्षांचा, अर्धा देश फ्रेंच राजपुत्राच्या बाजूने. राजपालक विल्यम मार्शलने ६१वं कलम आणि आणखी काही काढून टाकून तीच सनद बाळराजाच्या नावाने पुन्हा जाहीर केली, म्हणजे बंडाचं कारणच उरू नये. १२१७मध्ये पुन्हा. आणि १२२५मध्ये तिसऱ्यांदा, पण या वेळी एक नवी गोष्ट घडली. सतरा वर्षांच्या हेन्रीने सनद दिली आणि बदल्यात राज्याने जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून दिला. सुमारे चाळीस हजार पौंड जमले.

सनद त्या दिवसापासून सौद्याचा भाग झाली. जॉनकडून ती तलवारीच्या धाकाने मिळाली होती, आता ती विकत घेतलेली होती, आणि विकलेली वस्तू परत मागता येत नाही. पुढे हेन्रीने कर मागितला की लोक म्हणत, आधी सनदेचं काय ते सांगा. १२३७मध्ये त्याला कर मिळाला, तोही सनद पुन्हा मान्य केल्यावर. त्यानंतर १२७०पर्यंत एकही नाही. तेहेतीस वर्षं! त्याने मागितला नाही असं नाही, वारंवार मागितला आणि वारंवार नकार मिळाला. तरीही त्याने धाकट्या मुलासाठी सिसिलीचं राज्य पोपकडून घेण्याचा घाट घातला आणि एक लाख पस्तीस हजार मार्कांवर देणं डोक्यावर घेतलं. १२५८मध्ये सरदार चिलखत घालूनच वेस्टमिन्स्टरच्या दालनात आले. तलवारी तेवढ्या दाराशी ठेवल्या होत्या. ‘मी काय तुमचा कैदी आहे?’ असं राजाने विचारल्याचं एका मठाच्या बखरीत आहे. पुढाकार होता रॉजर बिगॉडचा. हा आपल्या १२९७च्या बिगॉडचा चुलता. त्याच वर्षी ऑक्सफर्डला ठरलं की पंधरा जणांचं मंडळ राजाबरोबर कारभार पाहील, आणि मुख्य न्यायाधिकारी झाला ह्यू बिगॉड, म्हणजे आपल्या बिगॉडचा बाप. आणि १२१५च्या त्या पंचवीस जणांत कोण होते? याच बिगॉडचे आजोबा आणि पणजोबा.

सॉल्झबरीला ताडकन उठून गेलेल्या माणसाचा ताठा आता वेगळा दिसतो ना? तो एकट्याचा आगाऊपणा नव्हता. घरात चार पिढ्या चालत आलेली समज होती की राजाला ‘नाही’ म्हणता येतं, मात्र ते रिवाजावर बोट ठेवून म्हणायचं.

१२९७ची पुढची हकीकत त्यामुळेच मला फार मोलाची वाटते. एडवर्डने लोकरीवरची जकात पोत्यामागे चाळीस शिलिंग केली होती. १२७५मध्ये ठरलेला दर होता सहा शिलिंग आठ पेन्स, म्हणजे बरोबर सहापट. जुलैअखेर त्याने आपल्याभोवती असलेल्या मोजक्या लोकांची संमती घेऊन मालमत्तेच्या आठव्या हिश्शाचा कर जाहीर केला. २२ ऑगस्टला बिगॉड आणि हेरफर्डचा अर्ल बोहून आपल्या माणसांसह वेस्टमिन्स्टरच्या खजिन्यात शिरले आणि अधिकाऱ्यांना बजावलं: हा कर आम्ही दिलेला नाही, तो वसूल करायचा नाही. जागा कुठली निवडली ते पाहा. ते राजवाड्यावर चालून गेले नाहीत, पैसे मोजायच्या टेबलापाशी गेले. त्या टेबलावर चौकटींचं कापड अंथरलेलं असे, त्यावर सोंगट्या मांडून शेरिफांचा हिशेब होई. सरकारचा जीव कुठे आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

राजा दोन दिवसांत छोटी फौज घेऊन फ्लँडर्सला निघून गेला. ११ सप्टेंबरला स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या पुलावर स्कॉटिश बंडाचा पुढारी वॉलेसने इंग्रजांचा धुव्वा उडवला. आता पैसा आणि सरदार, दोन्ही तातडीने हवे झाले. १० ऑक्टोबरला राजाच्या मुलाच्या नावाने सनदा पुन्हा मान्य झाल्या आणि भर पडली: असले कर यापुढे सबंध राज्याच्या सर्वसंमतीशिवाय घेणार नाही. जादा जकात रद्द. ५ नोव्हेंबरला एडवर्डने गेंटमधून ते मान्य केलं. आठवा हिस्सा गेला आणि त्याच्या जागी रीतसर संमतीने नववा हिस्सा दिला गेला. राजाला पैसे नाकारले नव्हते, विचारल्याशिवाय घेणं तेवढं नाकारलं होतं.

एडवर्ड मात्र विसरला नाही. १३०५मध्ये त्याने नव्या पोपकडून या वचनांतून सुटका करून घेतली. आणि निपुत्रिक, कर्जात बुडालेल्या बिगॉडने १३०२मध्ये आपल्या जमिनी आणि अर्लपद राजाच्या स्वाधीन केलं. हयातीपुरतं ते त्याला परत मिळालं आणि तो मेल्यावर सगळं राजाकडे गेलं. फास न लावता राजाने हिशेब पुरा केला, तोही पूर्णपणे कायद्याच्या चौकटीत.

पुढचा मुद्दा कुणाला आवडत नाही, पण तो सांगितल्याशिवाय उत्तर प्रामाणिक होणार नाही. या सगळ्या मर्यादांनी वाचवलं ते ज्यांना आवाज होता त्यांना. ३९व्या कलमातला ‘स्वतंत्र माणूस’ हा शब्द जमिनीला बांधलेल्या वेठकऱ्याला बाहेर ठेवतो, आणि खेड्यातली कितीतरी माणसं वेठकरीच होती. त्यांचा मालक त्यांच्याशी कसा वागतो यात राजाचं न्यायालय सहसा पडत नसे. ज्यूंना तर कायदाच राजाची मालमत्ता समजायचा. १२९०मध्ये एडवर्डने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. त्याच उन्हाळ्यात संसदेने त्याला जो कर दिला त्यातून एक लाख पौंडांहून जास्त जमले. हद्दपारी ही त्या सौद्यातली किंमत होती. ‘संमती’ हा शब्द उच्चारताना मला हे साल दर वेळी आठवतं.

आता प्रश्नाचा शेवटचा भाग: मग राजे तरीही मनमानी कशी करत राहिले? कारण ६१व्या कलमातला पेच कधी सुटलाच नाही. तेराव्या शतकातला, ब्रॅक्टनच्या नावाने ओळखला जाणारा कायद्याचा मोठा ग्रंथ पाहा. त्यात एके ठिकाणी म्हटलं आहे की राजा कुणा माणसाखाली नाही, पण देवाखाली आणि कायद्याखाली आहे, कारण कायद्यानेच तो राजा होतो. पण पुढे म्हणतो की त्याच्याविरुद्ध न्यायालयाचा हुकूम निघत नाही. विनंती करावी, त्याने ऐकलं नाही तर देव त्याला शिक्षा करील एवढं पुरे. आणि आणखी एका जागी, बहुधा मागाहून घातलेल्या मजकुरात, म्हटलं आहे की अर्ल हे राजाचे सोबती, त्यांनी त्याला लगाम घालावा. एकाच ग्रंथात तीन उत्तरं. त्या काळच्या विचारवंतांचा गोंधळ झाला होता असं मला वाटत नाही. प्रश्नच तितका अवघड होता. सगळा न्याय ज्याच्या नावाने चालतो, त्याच्यावर न्याय कुणाच्या नावाने करायचा?

म्हणून मधली पायरीच नव्हती. एका टोकाला विनवणी आणि कराचा सौदा, दुसऱ्या टोकाला यादवी किंवा राजालाच काढणं. दुसऱ्या एडवर्डवर १३११मध्ये नियमांचं जाळं टाकलं, ते त्याने १३२२मध्ये तोडलं, १३२७मध्ये त्याला गादीवरून उतरवलं. त्याचा पणतू दुसरा रिचर्ड. १३८६मध्ये संसदेने त्याच्या मंत्र्यांना काढायची मागणी केली, तेव्हा तुमच्या सांगण्यावरून मी माझ्या मुदपाकखान्यातला भांडी घासणारा पोऱ्यासुद्धा काढणार नाही, असं त्याने कळवलं. उत्तरादाखल त्याला पणजोबांचं काय झालं याची आठवण करून देण्यात आली. तेरा वर्षांनी, ३० सप्टेंबर १३९९ला, वेस्टमिन्स्टरच्या ज्या प्रचंड दालनाचं नवं लाकडी छत रिचर्डनेच उभारायला घेतलं होतं, तिथेच जमलेल्या सभेने त्याला पदच्युत केलं. आरोपांची तेहेतीस कलमं होती. त्यातल्या एकात म्हटलं आहे की कायदे माझ्या तोंडात आहेत, कधी माझ्या छातीत आहेत, असं तो म्हणायचा.

त्याची जागा चौथ्या हेन्रीने घेतली, चांगला कारभार करायचं वचन देऊन. दीड वर्ष होत नाही तोच, १४०१च्या संसदेत सामान्यांच्या प्रतिनिधींनी त्याच्यापुढे मागणी ठेवली: आधी आमच्या अर्जांना उत्तरं द्या, मग आम्ही कर देऊ. हेन्री म्हणाला, माझ्या पूर्वजांच्या काळात असं कधी झालेलं नाही.